दातवाल्याची किटली

उद्या सकाळी अकरा वाजता माझ्या मुलाची भरसभेत फजिती होणार आहे आणि या घडीला ते फक्त मला माहीत आहे. त्याला स्वतःला माहीत नाही. तो बहुधा झोपला असेल, नाहीतर टॉवेलात गुंडाळलेली ती किटली चौथ्यांदा सोडून पाचव्यांदा गुंडाळत असेल. उद्या ती किटली तीस-चाळीस माणसांसमोर टेबलावर ठेवतील, पडदे ओढून खोलीत अंधार करतील, तिच्यावर जांभळा दिवा धरतील, आणि तिच्या तोटीचं टोक दातासारखं चमकेल. अगदी दातासारखंच, कारण ज्या भुकटीतून माझ्या मुलाने आजवर काही हजार माणसांचे दात घडवले, त्याच भुकटीतून ते टोक घडवलेलं आहे. मग सगळ्यांना कळेल की जिला अध्यक्षांनी ‘अखंड’ म्हणून जाहीर केलं ती किटली फुटकी होती, आणि हा गप्प बसला होता.

झोप लागत नाही म्हणून लिहायला बसले आहे. लिहून काही सुटतं असं नाही, पण कुशी बदलत पडण्यापेक्षा बरं.

आमचे चिरंजीव एक्केचाळीस वर्षांचे आहेत. धंदा दात बनवण्याचा. दातांचा डॉक्टर नव्हे, ती गाडी आमची सहा मार्कांनी चुकली. डॉक्टर पेशंटच्या तोंडात बोटं घालतो, साचा घेतो, फी घेतो आणि शाबासकीही घेतो. तो साचा डबीत बसून ज्या मागच्या खोलीत जातो, तिथे माझा मुलगा असतो. खोलीला एक खिडकी, तीही जिन्यात उघडणारी. मांडणीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कुणाचा दात गेलाय, कुणाची दाढ, सगळे आपले आ वासून बसलेले. कोपऱ्यात मिक्सरएवढी भट्टी. पांढरी भुकटी कालवायची, बारीक ब्रशने थर द्यायचा, भाजायचं, घासायचं, पुन्हा थर, पुन्हा भट्टी. एकोणीस वर्षं हेच चाललंय. ज्यांच्या तोंडात त्याने केलेले दात आहेत, घरचे सोडले तर त्यांच्यातल्या एकानेही त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

त्याला माणसं नावाने आठवत नाहीत, दातांच्या रंगाने आठवतात. त्यांच्याकडे रंगांची एक पट्टी असते, एकेका रंगाला अक्षर आणि आकडा. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वारले, हे मी त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘कोण, ते ए-साडेतीन?’ माणूस गेला, त्याचा रंग राहिला.

लहानपणीही हा असाच. चित्रकलेच्या वहीत त्याने स्वतःच्या मनाने एक झाड काढलं नाही. पण समोर चित्र ठेवलं की हुबेहूब उतरवायचा, छापणाऱ्याचा शाईचा डाग पडला असेल तर तो डागसुद्धा. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, ‘हात फार चांगला आहे, डोकं वापरत नाही.’ मी तेव्हा त्या बाईंवर चिडले होते. आता त्या भेटल्या तर चहाला बोलवीन.

लग्न झालं तेही या धंद्यातच. एका दवाखान्यातून स्कूटरवर साच्यांच्या डब्या घेऊन एक मुलगी यायची. याने तिला पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर ‘पुढचा वरचा डावा कुणाकडून करून घेतला? अर्धी छटा गडद झालाय.’ एवढं ऐकूनही तिने लग्न केलं. सून माझी गुणी आहे, सोसते, आणि सोसता सोसता टोमणे मारते. तेवढीच घरात माझ्या बाजूची.

हे भांड्यांचं खूळ सात वर्षांपूर्वी सुरू झालं. एका म्हाताऱ्या डॉक्टरने दवाखाना बंद केला आणि मागच्या खोलीवाल्यांना हवं ते घेऊन जा म्हणाला. बाकीच्यांनी खुर्च्या नेल्या, पंखा नेला, एकाने चक्क वजनकाटा नेला. आमच्या चिरंजीवांनी काय आणलं, तर एक बशी. त्या डॉक्टरने जन्मभर टाचण्या आणि कापसाचे बोळे ठेवून तिची रया घालवली होती. त्या बशीत एक चिनी माणूस छत्री घेऊन उभा होता.

हा काय प्रकार आहे ते सांगते, कारण मलाही समजायला दोन वर्षं लागली. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या श्रीमंतांना चीनच्या भांड्यांचं वेड लागलं. मग त्यांनी आपल्याकडेच तशी माती भाजायला सुरुवात केली आणि वर चीनची चित्रं काढायला कारागीर बसवले. त्या कारागिरांनी चीन पाहिला नव्हता. बहुतेकांनी चिनी माणूसही पाहिला नसेल. कुणीतरी छापलेलं चित्र बघून दुसऱ्याने काढलं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. त्यामुळे त्यातला पूल नदीच्या या काठाला सुरू होतो आणि त्या काठाला पोचतच नाही. पक्षी घरापेक्षा मोठा. माणसाच्या मिशा उंदराच्या शेपटीसारख्या, आणि तो कुंपणावर बसून चहा ओततो. म्हणजे ज्याला आपण चिनी माती म्हणतो ती चीनमधली नाही, तिच्यावरचं चित्र चीनचं नाही, आणि जो ती कपाटात मांडून बसलाय त्याला आमच्या घराकडे यायची बस अजून विचारावी लागते.

एकदा मी त्याला विचारलंच.

‘हा कुंपणावर बसून चहा कुणाला ओततोय?’

‘कुणाला असं नाही. ओततोय.’

‘समोर फुलपाखरू आहे.’

‘फुलपाखराचा त्याच्याशी संबंध नाही गं. ती रिकामी जागा भरलीय.’

‘शेळीएवढं फुलपाखरू काढून?’

‘आई, त्यांनी कल्पनेने काढलंय. गंमत तीच आहे.’

‘तुझी मुलगी अशी गंमत काढून घेऊन गेली तर शून्य मिळेल तिला.’

तो हसला. माझं म्हणणं त्याला लागतच नाही, हीच तर अडचण होती. म्हणजे तोवर लागत नव्हतं.

आता त्याच्याकडे एक्केचाळीस वस्तू आहेत. वय आणि वस्तू यंदा बरोबरीला आल्या आहेत. बिनकानाचे कप, बिनकपाच्या बश्या, ज्यांची भांडी कधीच स्वर्गवासी झाली अशी झाकणं. बैठकीच्या खोलीतल्या एकुलत्या एका खिडकीसमोर काचेचं कपाट उभं केलंय, त्यामुळे दिवसाउजेडी दिवा लावून बसायचं. घरात चहाची तेवीस भांडी, आणि मी गेले की चहा मिळतो प्लास्टिकच्या मगात, का तर बाकीच्यांना गरम चालत नाही. मी सुनेला म्हटलं, ‘अगं, तू कशी सहन करतेस?’ ती म्हणाली, ‘आई, दुसऱ्यांचे नवरे रविवारी कुठे कुठे जातात. आपला निदान बश्या पुसतो.’

या खुळाचं एक मंडळही आहे. जगात कशाचंही मंडळ असतं. सात जण, महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमतात, एकमेकांच्या बश्या उलट्या करून खालची खूण बघतात आणि ‘हं’ म्हणतात. अध्यक्ष म्हणजे विमा कंपनीतले निवृत्त सर्वेक्षक. उभं आयुष्य जळालेल्या गोदामांमध्ये लोकांची लबाडी शोधली, आता बश्यांमधली भेग शोधतात. गळ्यात दोरीने भिंग. मी त्यांना मनातल्या मनात भिंगवाले म्हणते. आणि ते सगळे माझ्या मुलाला तोंडावर दातवाले म्हणतात. ‘अहो दातवाले, जरा खुर्च्या मांडता का?’ ‘दातवाले, पडदा ओढा हो.’ सात वर्षं हा खुर्च्या मांडतोय. आपल्या वस्तू दाखवायची पाळी आली की वेळ संपलेली असते. मी त्याला म्हटलं, ‘तू सभासद आहेस की शिपाई?’ तर म्हणतो, ‘मी सगळ्यांत धाकटा आहे ना.’ एक्केचाळिसाव्या वर्षी धाकटा.

दोन महिन्यांपूर्वी मी त्यांच्याकडे पंधरा दिवस राहायला गेले होते. सुनेला संध्याकाळची पाळी होती, नातीपाशी कुणीतरी हवं म्हणून. तिसऱ्या दिवशी चिरंजीव एक गाठोडं छातीशी धरून आले. बूट न काढता टेबलाशी गेले. गाठोड्यातून किटली निघाली. वीतभर उंचीची, पोट गोल, पोटावर तोच आपला कुंपणावरचा माणूस, या खेपेला सोबत एक नोकरही, आणि झाकणावर गुलाबाची कळी. चीनमध्ये म्हणे. तोटी मात्र मधेच तुटलेली, चोच मोडलेल्या पोपटासारखी.

‘फुटकी आणलीस?’ मी विचारलं.

‘म्हणून तर मिळाली. धरतेस का जरा? दोन्ही हातांनी. पोटाला धर.’

मी ती किटली पाऊण तास धरून उभी होते आणि हा गुडघ्यांवर बसून तोटीच्या तुटक्या तोंडात डोकावत होता. माझ्या पायांना मुंग्या आल्या. मग त्याने दातांसाठी साचा घेतात तो गुलाबी लगदा आणला आणि तोटीचा साचा घेतला. हुबेहूब दवाखान्यासारखा. ‘आता चूळ भरायला सांगा तिला,’ पाळीवरून आलेली सून म्हणाली.

पुढच्या रविवारी डबा विसरला म्हणून मी त्याच्या कामावर गेले. मालकाची परवानगी काढून तो सुट्टीच्या दिवशी तिथे बसला होता. समोर प्लास्टरची तोटी, तिच्यावर तो भुकटीचा थर चढवत होता. शेजारच्या टेबलावर कवळ्या करणारा त्याचा सोबती उरलेलं काम करत होता. तो मला म्हणाला, ‘या काकू. तुमच्या किटलीला अक्कलदाढ येतेय.’

मुलाने मान वर केली नाही. भट्टीतून काढलेलं पहिलं टोक आखडलं होतं, दुसऱ्याचा रंग पिवळट निघाला. तिसऱ्यांदा त्याने तीन डब्यांतली भुकटी मिसळली, एका डोळ्यावर भिंग चढवलं, आणि मी दीड तास स्टुलावर बसून बघत राहिले. खोटं कशाला बोलू, हात बघण्यासारखे होते. मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका उचलायचा, ठेवायचा, ओला ब्रश लावून पाणी टिपून घ्यायचं. चार वाजता ते टोक डिंकाशिवाय तुटक्या तोटीवर चपखल बसलं, जशी किडक्या दातावर कॅप बसते तसं. मी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. सांधा कुठे आहे ते सांगता येईना.

‘झालं,’ तो म्हणाला. ‘कळतंय का कुठे?’

‘नाही कळत.’

‘मग जमलं.’

त्याच्या धंद्यात कौतुक असतं ते एवढंच. कुणाला कळलं नाही म्हणजे काम जमलं, कळलं म्हणजे फसलं. कुणी विचारतच नाही, तेव्हा सांगायचा प्रश्नही येत नाही. एकोणीस वर्षं अशी काढल्यावर माणूस कसा होतो ते मला पुढच्या शनिवारी कळलं.

त्या शनिवारी मी मुद्दाम मंडळात गेले. हा काय करतो तिथे, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. त्याने खुर्च्या मांडल्या, पडदे बाजूला सारले, आणि या वेळी कसं कोण जाणे, वेळ उरली. त्याने किटली टेबलावर ठेवली. भिंगवाल्यांनी ती उचलून खिडकीशी नेली. उलटी केली, सुलटी केली, भिंगातून पोट पाहिलं, कान पाहिला, मग तोटी. तोटीवरून नख फिरवलं, एकदा वरून, एकदा खालून. आता जीभ लावतात की काय, असं मला वाटलं.

‘अखंड,’ ते म्हणाले. ‘तोटीच्या टोकासकट अखंड. अशी मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती.’

बाकीच्यांनी माना पुढे काढल्या. माझ्या मुलाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. तोंड अर्धवट उघडं, आणि कान लाल झालेले. तेवढ्यात भिंगवाल्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘बसा, बसा तुम्ही. चहाचं दुसरं कुणीतरी बघेल.’

त्याने तोंड मिटलं आणि बसला.

खोटं तो एक अक्षर बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. नुसता बसला. पुढे वार्षिक प्रदर्शन ठरलं, त्याचं पत्रक छापलं, त्यात पहिल्या क्रमांकावर ‘अखंड किटली’ आणि खाली आमच्या चिरंजीवांचं नाव. छापलेलं पाहिल्यावरही तो बसलेलाच राहिला.

त्या शनिवारी परत येताना बसमध्ये मी विषय काढला.

‘सांगितलं का नाहीस?’

‘काय?’

‘काय म्हणजे? तोटी.’

तो बाहेर बघत होता. ‘त्यांनी नख फिरवलं, आई. भिंगाखाली. त्यांना सांधा सापडला नाही.’

‘म्हणून?’

‘म्हणून काही नाही. सापडला नाही.’

‘अरे, पण ते अखंड म्हणाले.’

‘मी म्हणालो का? आणि मी काय पेशंटच्या पाठीमागे गावभर सांगत फिरतो, की याचा दात खोटा आहे?’

‘पेशंटला ठाऊक असतं रे. त्यानेच बसवून घेतलेला असतो.’

यावर तो बसची काच पुसायला लागला. तेव्हाच मी थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. म्हणाले, ‘आजवर दुसऱ्यांच्या तोंडात खोटं बसवत होतास, आता स्वतःच्याही बसवलंस.’

 आमचा थांबा आला तेव्हा माझी पिशवी त्याने उचलली, जिन्यावर मला पुढे जाऊ दिलं, सगळं नेहमीसारखं. पण घरी गेल्यावर तो माझ्याकडे पाठ करून कपाटासमोर बसला, आणि दुसऱ्या दिवशी मी माझ्या घरी निघाले तेव्हा ‘पोचलीस की कळव’ हे सुनेने सांगितलं. सात आठवडे होत आले. फोन येतो तो सुनेचा. मागून त्याचा आवाज ऐकू येतो, ‘औषध घेतलं का विचार.’ मी म्हणते, ‘घेतलं म्हणून सांग.’ एकाच तारेवर पाठमोऱ्या बसलेल्या दोन कावळ्यांसारखं आमचं चाललंय.

आज नऊ वाजता सुनेचा फोन आला. आवाज फुललेला.

‘आई, उद्या पहिलं टेबल आपलं. आणि गंमत ऐका, अध्यक्षांच्या भाच्याने त्यांना जांभळ्या उजेडाचा दिवा आणून दिलाय. दुरुस्ती केलेली वस्तू त्याच्याखाली पकडली जाते म्हणे. जुनी माती अंधुक दिसते आणि नंतर लावलेला डिंक, रंग, सगळं पेटल्यासारखं उजळतं. उद्या लोकांसमोर दाखवणार आहेत. सुरुवात आपल्या किटलीपासून.’

‘आपल्याच का?’

‘अखंड आहे ना,’ ती म्हणाली आणि हसली. तिला तोटीचं माहीत आहे. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘मी विचारलं यांना, भीती नाही वाटत? तर म्हणाले, डिंकाचा थेंब नाही की रंगाचा ठिपका नाही, दिव्याला सापडणार काय?’

मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर जीभ आपोआप पुढच्या दातावर गेली.

मी बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर होते. नोटा तपासायचा जांभळा दिवा माझ्या टेबलावरच असायचा. अकरा वर्षांपूर्वी बँकेच्या जिन्यात पडून माझा पुढचा दात मोडला, तेव्हा कॅप मुलानेच केली. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी तो काउंटरवर हजर. ‘आई, दिवा लाव आणि दात दाखव.’ मागे रांग उभी, आणि मी नोटांच्या दिव्याखाली वेड्यासारखी दात विचकून. शेजारची कॅशियर म्हणाली, ‘बाई, तुम्ही खऱ्या आहात, पास.’ तो मात्र गंभीर होता. त्याने मला समजावून सांगितलं की खरे दात या उजेडात निळसर पांढरे चमकतात, म्हणून दाताच्या भुकटीत तशी चमक मुद्दाम घातलेली असते. नाहीतर अशा दिव्यात खोटा दात काळ्या भोकासारखा दिसतो. ‘तुझा मेलेला दात नाही केला मी,’ असं म्हणाला होता, आणि रांगेतल्या लोकांकडे असा बघत होता की जणू त्यांनी टाळ्या वाजवाव्यात.

तीच भुकटी आता त्या तोटीवर आहे. तो डिंक आणि रंगाचा विचार करतोय, कारण दुरुस्ती म्हणजे डिंक आणि रंग, असं मंडळवाले सांगतात. चमक ही त्याच्या लेखी कामातली खोट नाहीच, तो गुण आहे. एकोणीस वर्षं ज्या गुणाचे आपण पैसे घेतो तो उद्या अंगाशी येईल, हे कुणाच्या डोक्यात येणार? ही चूक करायला दात बनवणाराच हवा. दुसऱ्या कुणी तोटी केली असती तर निदान लाज वाटून घाबरला तरी असता. हा उद्या छाती पुढे काढून पहिल्या रांगेत बसणार आहे.

खरं सांगते, हे सगळं लक्षात आल्यावर पाठोपाठ मनात आलं ते, की होऊ दे. होऊ दे एकदाची फजिती. कपाट जाईल, खिडकी मोकळी होईल, मला काचेच्या पेल्यात चहा मिळेल. एवढं शिकवून, समजावून, टोचून जे झालं नाही ते एका दिव्याने होईल. तासभर मी या विचारात चांगली रमले होते.

मग मला ती खोली दिसायला लागली. भिंगवाले हसणार नाहीत, ते ‘हं’ म्हणतील. त्यांच्या मागचे हसतील. ‘दातवाल्यांनी किटलीलाही दात बसवला.’ असाच विनोद कवळीवाल्याने केला तेव्हा मी हसले होते. त्या सहा जणांच्या तोंडी तो मला ऐकवत नाही. आणि माझा मुलगा काय करेल तेही मला दिसलं. तो रागावणार नाही, उठून जाणार नाही, काही फोडणार नाही. कान लाल करून किटली टॉवेलात गुंडाळेल. आणि पुढच्या पहिल्या शनिवारी पुन्हा जाईल. खुर्च्या मांडायला. मी त्याची आई आहे, मला त्याची खोड माहीत आहे. फजितीने खूळ जाणार नाही, फक्त खुर्च्या कायमच्या गळ्यात पडतील, आणि त्यावर ‘लबाड’ हा शिक्का.

माझ्या मुलाला हसायचं असेल तर मी हसेन. मी त्याला नऊ महिने वागवलंय आणि एक्केचाळीस वर्षं ऐकून घेतलंय, मला तो हक्क आहे. ज्यांनी सात वर्षांत त्याला एकदा चहा विचारला, त्यांना नाही.

तेव्हा फोन करायचा. सुनेमार्फत निरोप देता आला असता, पण ‘दिव्यात दात चमकतात म्हणून सांग’ हा निरोप देण्यासारखा नाही. किटली आजारी पाडून घरी ठेव, असंही सांगणार नाही. पत्रकावर नाव छापलंय, आणि पळालेल्याला लोक दुप्पट हसतात. मी सांगणार आहे ते एवढंच, की दिवा लावायच्या आधी उभा राहा आणि म्हण, तोटीचं टोक मी केलंय. दाताच्या भुकटीचं आहे. बघायचं असेल तर लावा दिवा. नख फिरवूनही ज्यांना सांधा सापडला नाही ते भिंगवाले मग कुठे बघतात ते बघ. पहिल्याच शनिवारी सांगायला हवं होतं, तेव्हा मी गप्प बसलो, हेही म्हण. ते म्हणताना जीभ जड होईल. होऊ दे. किटली अखंड नाही म्हणून ते तिला दुसऱ्या टेबलावर नेतील, नेऊ देत.

बसमध्ये बोलले ते मागे घ्यावं लागेल. घेईन, पण शेवटी, आधी नाही. आधी घेतलं तर मला रडू येईल आणि दिव्याचं राहून जाईल. किटली मला आवडत नाही हे मात्र मागे घेणार नाही.

सकाळी करते म्हटलं तर ते सातलाच सामान घेऊन निघणार, आणि त्या गडबडीत तो फोन उचलत नाही. आत्ता केला तर आधी दचकून ‘काय झालं तुला’ म्हणेल. मला काही झालेलं नाही, हे पहिलं वाक्य. मग तोटी.

पाऊण वाजलाय. सुनेने उचलला तर म्हणायचं, त्याला उठव, आणि या वेळी त्याच्याच हातात दे.